जुन्या बुलेटला डिस्क ब्रेक: दुसऱ्या गाडीचं काय बसतं आणि काय बसवू नये

घाट उतरताना ब्रेक लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी मात्र आपल्याच तंद्रीत पुढे जात राहते, ही जुन्या बुलेटवाल्यांची नेहमीची तक्रार. त्यावर गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: "डिस्क टाका." डिस्क टाकता येते, चांगली चालतेही. पण भंगार बाजारात हब (चाकाचा मधला भाग) एका गाडीचा, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) दुसऱ्या गाडीचं, मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइलला दाब देणारा) तिसरीचा असं स्वस्तात मिळतं आणि गडबड तिथेच सुरू होते. बोल्ट बसले म्हणजे ब्रेक जुळला असं नाही. कोणते भाग एकमेकांशी कसे जुळवायचे आणि का, हे इथे आकड्यांसकट पाहू.

आधी आहे तो ड्रम नीट करा

जुन्या बुलेटमध्ये पुढे ६ इंची ड्रम सापडतो, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, ज्याला आतून दोन शू दाबतात. नंतरच्या गाड्यांत ७ इंची, म्हणजे १७८ मिमीचा ट्विन लीडिंग शूवाला ड्रम आहे. फिरणारा ड्रम ज्या शूला कॅमच्या (शू उघडणाऱ्या तुकड्याच्या) बाजूने भेटतो तो लीडिंग शू. ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून हाताच्या जोरापेक्षा जास्त पकड मिळते. ट्विन लीडिंगमध्ये दोन्ही शू असे असतात. ६ इंची ड्रमवरून थेट डिस्कवर उडी मारण्याआधी नंतरच्या बुलेटचं ७ इंची चाक अख्खं, ब्रेक प्लेटसकट (शू जिच्यावर बसतात ती) मिळतंय का बघा. खर्च कमी आणि गाडीचं रूपही बिघडत नाही. मात्र ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून ती शॉकअपच्या बॉटमवर (खालच्या नळीवर) जिथे अडकते ती खाच आणि उंचवटा नीट जुळले पाहिजेत. ते न जुळता चाक चढवलं तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट चाकासोबत फिरते आणि केबल तोडते.

नवे लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) टाकूनही ब्रेक लागत नसेल तर कारण बहुधा गोलाईत असतं. ड्रम वर्षानुवर्षं घासून आतून मोठा झालेला असतो आणि नवा लायनर मूळ मापाचा असतो. त्यामुळे शू मध्येच दोन बोटं टेकतो, बाकीचा भाग हवेत. ड्रमच्या आतून खडू फिरवा, चाक बसवा, हलका ब्रेक धरून चाक फिरवा आणि उघडून पाहा. लायनरवर खडू जेवढा लागला तेवढाच तुमचा ब्रेक. इलाज लेथवर आहे. शू प्लेटवरच ठेवून, कॅमपाशी पातळ पत्रा देऊन ते किंचित उघडायचे आणि ड्रमच्या मापापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी कमी व्यासावर लायनर कातून घ्यायचे. ड्रमही कातायचा असेल तर आधी चाकाचा आउट (डुगडुग) काढा, स्पोक पूर्ण ताणलेले ठेवा आणि अख्खं चाक लेथवर चढवा. सुटा हब कातून मग स्पोक ताणले की त्या ताणाने ड्रम पुन्हा अंडाकृती होतो. १९ इंची चाक फिरवेल एवढा लेथ सगळीकडे नसतो, तो शोधावा लागतो. जुन्या लायनरच्या भुकटीवर हवा मात्र मारू नका, तिच्यात ॲस्बेस्टस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ट्विन लीडिंगमध्ये दोन कॅमना जोडणारी सळई असते आणि तिची लांबी कोणी लावतच नाही. सळईची एक पिन काढा. पहिला कॅम फिरवून त्याचा शू ड्रमला टेकवा, मग दुसऱ्याचा. दोन्ही टेकलेले असताना पिन जोर न लावता भोकात जाईल इतकी सळईची लांबी ठेवा. लांबी चुकली तर एकच शू काम करतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना केबल आणि कॅमचा दांडा यांच्यात काटकोन हवा. लायनर संपत आल्यावर दांडा दात्यांवर एक घर मागे सरकवून वेळ मारून नेणारे आहेत. त्यात कॅम इतका आडवा होतो की ब्रेक सोडल्यावर परत येत नाही.

एवढं केल्यावर ७ इंची ड्रम शहरात पुरतो. दोन गोष्टी मात्र सुटत नाहीत. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून लांब जातो, म्हणून आंबोली किंवा वरंध घाट उतरताना लिव्हर हळूहळू आत आत जाते. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेने सरकते. दुसरी गोष्ट पावसाची: ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर निघत नाही, डिस्कवरचं पाणी मात्र चाक फिरताच उडून जातं. या दोन कारणांसाठी डिस्क घ्यावी. नुसती ती दिसायला छान म्हणून बसवायची असेल तर हा पैसा टायरवर घातलेला बरा.

हब, एक्सल आणि बॉटम

जुन्या बुलेटला भाग घ्यायचे तर सर्वांत सोयीची गाडी म्हणजे नंतरची रॉयल एनफिल्डच. थंडरबर्ड, डिस्कवाली इलेक्ट्रा, क्लासिक यांना पुढे २८० मिमीची डिस्क आणि दोन पिस्टनचं तरंगतं कॅलिपर होतं. तरंगतं म्हणजे पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आतला पॅड दाबतात आणि कॅलिपर स्वतः पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतं. शॉकअपचे बॉटम, एक्सल, हब, डिस्क आणि कॅलिपर शक्यतो एकाच गाडीचे उचला. डिस्क आणि कॅलिपर एका प्रतलात येणं हे हबची रुंदी, वायसर-बुश आणि बॉटमवरचे कान (कॅलिपर अडकवायच्या जागा) या तिघांवर मिळून ठरतं. एक जरी परका आला की मिलिमीटर-मिलिमीटरचा हिशेब तुमच्या गळ्यात.

खरेदीला जाताना व्हर्नियर सोबत न्या आणि आपल्या गाडीची चार मापं लिहून ठेवा: शॉकअप पाइपचा बाहेरचा व्यास, दोन पाइपांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, एक्सलचा व्यास, बुशसकट हबची एकूण रुंदी. पाइपचा व्यास जुळला तर फक्त बॉटम बदलून भागेल. तो जुळला नाही तर वरच्या टी-सकट (दोन्ही पाइप धरणारा भाग) अख्खा पुढचा संच घ्यावा लागतो आणि मग हँडलच्या बेअरिंगची मापं जुळवावी लागतात. जुन्या बुलेटमध्ये पाइपांची वरची टोकं हेडलाइटच्या घराला धरलेली असतात, तिथेच हे काम अडकतं. रिम जुनीच ठेवून डिस्कवाला हब बांधायचा असेल तर जुने स्पोक चालतील असं धरू नका. डिस्कसाठी हबची एक बाजू आत गेलेली असते, त्यामुळे रिम मध्यावर यायला दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी लागते.

यामाहा आरएक्स १०० वाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या या गाडीला १८ इंची चाकं आहेत आणि हौशी मंडळी तिला नव्या गाडीचं १७ इंची अलॉय डिस्कसकट बसवतात. चाक लहान झालं म्हणून घाबरायचं कारण नसतं. २.५०-१८ टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ५८४ मिमी येतो, १००/८०-१७ चा सुमारे ५९२. खरी अडचण रुंदीची असते: मडगार्ड घासतं, शॉकअपच्या मधली जागा पुरत नाही. मीटरची केबल जुन्या ब्रेक प्लेटमधून निघत असेल तर नव्या हबचा मीटर गिअर वेगळा असतो आणि मीटर खोटं बोलू लागतो.

कान नसलेल्या बॉटमवर कॅलिपर बसवण्यासाठी पट्टी बनवणारे पुष्कळ आहेत. पुढे दिलेल्या हिशेबात दिसेल की जोराच्या ब्रेकमध्ये त्या पट्टीवर पावणेपाचशे किलोच्या आसपास ओढा येतो. त्यामुळे दुकानाच्या अडगळीतला उरलेला पत्रा इथे चालत नाही. ॲल्युमिनियम ६०६१-टी६ असेल तर जाडी किमान १० मिमी, भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी धातू, आणि बोल्ट ८.८ ग्रेडचे, ज्यांच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो. ॲल्युमिनियमच्या ओतीव बॉटमवर कान वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आतली भोकं वाकडी होतात आणि तडा जातो तो बाहेरून दिसतच नाही.

बसवल्यावर तीन गोष्टी पाहा. पॅडचा पूर्ण चेहरा डिस्कवर हवा. बाहेर लटकलेला भाग झिजत नाही, त्याची कड तयार होते आणि काही महिन्यांनी दोन्ही पॅडच्या कडा एकमेकींना टेकून ब्रेक लागतच नाही. डिस्कची कड आणि कॅलिपरचं आतलं अंग यांत २-३ मिमी मोकळी जागा ठेवा. डायल गेज लावून डिस्कचा आउट मोजा, ०.२ मिमीच्या वर नको. जुनी डिस्क घेतली असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने तपासा.

मास्टर आणि कॅलिपरची जोडी

कोणता मास्टर कोणत्या कॅलिपरला, हे अंदाजाने ठरवलं जातं आणि ब्रेक तिथेच बिघडतो. हिशेब सोपा आहे. कॅलिपरच्या एका बाजूच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ काढा आणि त्याला मास्टरच्या बोअरच्या (आतल्या भोकाच्या) क्षेत्रफळाने भागा. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्येही एकाच बाजूचे मोजायचे. मास्टरचा बोअर बऱ्याचदा त्याच्या अंगावरच असतो: ११, १४, किंवा इंचात १/२, ५/८.

समजा कॅलिपरमध्ये २८ मिमीचे दोन पिस्टन आहेत. क्षेत्रफळ १२३१ चौरस मिमी. मास्टर अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी, क्षेत्रफळ १२७. गुणोत्तर ९.७. आता बोटांनी १० किलोचा, म्हणजे सुमारे १०० न्यूटनचा जोर लावला आणि लिव्हर तो सहापट करते असं धरलं तर मास्टरच्या पिस्टनवर ६०० न्यूटन पडतात. ऑइलमध्ये दाब होतो ४७ बार आणि प्रत्येक पॅड ५८०० न्यूटनने डिस्कवर दाबला जातो. पॅडचं घर्षण ०.४ आणि पॅड दोन, म्हणून डिस्कवरचा एकूण ओढा सुमारे ४६५० न्यूटन, हेच ते पावणेपाचशे किलो. २८० मिमीच्या डिस्कवर पॅडचा मध्य १२२ मिमीवर येतो आणि ३.२५-१९ टायरची त्रिज्या ३२४ मिमी. यातून रस्त्यावर सुमारे १७५० न्यूटन मिळतात. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो धरले तर गुरुत्वाच्या पाऊण पट मंदन, तेही दोन बोटांच्या जोरात.

त्याच कॅलिपरला १४ मिमीचा मास्टर लावला की गुणोत्तर ८ वर येतं आणि तेवढ्याच जोरात पकड अठरा टक्क्यांनी घटते. मोठ्या, दोन डिस्कच्या बाइकचा १६ मिमीचा देखणा मास्टर लावला तर गुणोत्तर ६.१. लिव्हर दगडासारखी घट्ट लागते, चालवणारा खूश होतो की "ब्रेक काय टाइट झालाय", आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. घट्ट लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक, हा गैरसमज मेकॅनिक मंडळींतही आहे.

उलट टोकालाही जाता येत नाही. ११ मिमीच्या मास्टरने गुणोत्तर १३ होतं, पकड जबर, पण लिव्हर जास्त प्रवास करते. पॅडला ०.३ मिमी सरकावं लागत असेल तर बोटापाशी १२.७ च्या मास्टरला साडेसतरा मिमी लागतात, ११ च्या मास्टरला तेवीस. त्यात रबरी होज (ऑइलची नळी) फुगण्याची भर पडली की लिव्हर हँडलला टेकू लागते. एका डिस्कच्या बुलेटला गुणोत्तर ९ ते १२ च्या मध्ये ठेवावं असं आमचं मत आहे, आणि होज स्टीलच्या जाळीचा.

हा धडा ब्रिटिश गाड्यांनी फार पूर्वी दिलेला आहे. नॉर्टन कमांडोला १९७२ मध्ये पुढे डिस्क आली: १०.७ इंची डिस्क, लॉकहीडचं कॅलिपर, ५/८ इंची मास्टर. कागदावर जोरदार, हाताला लाकडी. कॅलिपरच्या एका बाजूला ४१.३ मिमीचा एकच पिस्टन होता, म्हणजे गुणोत्तर ६.८. आजही तिकडचे मालक डिस्क बदलत नाहीत, मास्टरमध्ये बुश ठोकून त्याचा बोअर १३ मिमी करतात. गुणोत्तर १०.१ होतं आणि तेवढ्याच जोरात पकड दीडपट.

ऑइल परत जाण्याचं बारीक भोक

मास्टरच्या तळाशी ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतून सिलिंडरमध्ये उतरणारी दोन भोकं असतात. त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडलेली असताना पिस्टनचा रबर त्या भोकाच्या मागे थांबतो आणि ते उघडं राहतं. ब्रेक तापला की ऑइल फुगतं, जास्तीचं ऑइल याच भोकातून टाकीत परत जातं.

आता दुसऱ्या गाडीची लिव्हर या मास्टरला लावली आणि तिची नाकाडी (पिस्टनला ढकलणारं टोक) अर्धा मिमी जरी लांब असली, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही. भोक झाकलेलं राहतं. गॅरेजसमोर ब्रेक उत्तम लागतो. पाच-सहा किलोमीटरवर डिस्क तापते, फुगलेल्या ऑइलला वाट नाही, पॅड आपोआप दाबले जातात, त्याने डिस्क आणखी तापते आणि चालत्या गाडीचं पुढचं चाक धरलं जातं. भाग मिसळून केलेल्या ब्रेकमधला हा सर्वांत घातक दोष आहे आणि नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. तपासणी मात्र मिनिटभराची. टाकीचं झाकण काढा, लिव्हर अगदी हळू ओढायला लागा. पहिल्या एक-दोन मिमीत ऑइलमध्ये छोटं कारंजं उसळलं तर भोक उघडं आहे. कारंजं दिसत नसेल तर आधी भोकात घाण आहे का पाहा, मग लिव्हरचा खेळ. लिव्हर आणि पिस्टन यांत जाणवेल एवढा मोकळा खेळ असलाच पाहिजे. म्हणून लिव्हर नेहमी त्याच मास्टरची घ्या.

होज, ऑइल आणि एअर

बँजो बोल्टचे (होज मास्टरला आणि कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन आटे बाजारात मिसळलेले आहेत. जपानी घराण्यातल्या ब्रेकला बहुतेक एम १० × १.२५ आणि ब्रेंबोच्या ब्रेकला एम १० × १.०. चुकीचा बोल्ट दोन आटे आत जातो, मग अडकतो आणि ॲल्युमिनियमचा आटा खाऊन टाकतो. आटा-गेज लावून बघा. प्रत्येक बँजोला दोन वायसर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, आणि दर वेळी नवे. होजची लांबी मोजताना गाडी मेन स्टँडवर, शॉकअप पूर्ण खाली आलेले आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. होज कुठेच ताणला जाऊ नये आणि हेडलाइटच्या घरात चिमटला जाऊ नये.

जुन्या कॅलिपरचे रबर न बदलता ते बसवू नका. पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग तिथे नसते. चौकोनी छेदाचा रबर दाबात किंचित पिळतो, दाब सुटला की सरळ होतो आणि पिस्टनला मागे आणतो. कडक झालेल्या रबराने हे जमत नाही आणि ब्रेक घासत राहतो. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवा पिस्टन. धुवायला पेट्रोल, डिझेल वापरू नका, ब्रेकचे रबर त्याने फुगतात. ब्रेक ऑइलच वापरा. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. पिन अडकली की एकच पॅड झिजतो, हीच तिची खूण.

ऑइल डॉट ४. कोरड्या अवस्थेत ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतं. त्यामुळे कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका आणि उघडी बाटली पुढच्या वर्षीसाठी जपू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ४ रंग खातं. बुलेटच्या पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

ऑइलमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर, निघत नाही ही तक्रार येते तेव्हा बहुधा डाव्या बाजूचं कॅलिपर उजवीकडे लावलेलं असतं आणि एअरचा निपल खाली गेलेला असतो. हवा वरच अडकते, कितीही ऑइल ओता. कॅलिपर सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला, निपल सर्वांत वर येईल असं धरा आणि मग एअर काढा. मास्टर रिकामा असेल तर ६० मिलीच्या सिरिंजने निपलमधून ऑइल वर ढकलणं सोपं जातं, हवेला तसंही वरच जायचं असतं. झाल्यावर लिव्हर दाबून दोरीने बांधा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा एकदा कारंज्याची तपासणी.

शॉकअप, टायर, कागद

पाऊण पट मंदनात बुलेटच्या १३७० मिमीच्या व्हीलबेसवर एकूण वजनाचा तीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा मागून पुढे सरकतो. मरगळलेल्या स्प्रिंगा असतील तर नाक एकदम बसतं. स्प्रिंगा, शॉकअपचं ऑइल आणि हँडलची बेअरिंग याच कामात करून घ्या. एकाच बाजूची डिस्क बारीक शॉकअपला पिळते, त्यामुळे ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढत असेल तर मडगार्डपाशी दोन्ही बॉटमना जोडणारा भक्कम ब्रेस लागेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचा टायर नुसता नक्षी शिल्लक आहे म्हणून ठेवलात तर नवा ब्रेक त्याला घसरवेल. मागचा ६ इंची ड्रम तसाच राहू द्या, त्याच्यावर आता कमीच काम येतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करायचा नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं आणि तेव्हा गाडी निरीक्षकासमोर उभी राहते. म्हणून मूळ चाक, बॉटम आणि केबल विकू नका, बॉटम कापूही नका. काम असं करा की एका दिवसात गाडी मूळ रूपात परत येईल. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत, मध्यम जोराने, तीस-चाळीस वेळा वेग उतरवा. मध्ये डिस्क थंड होऊ द्या आणि तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून उभे राहू नका. त्यानंतर चाक उचलून हाताने फिरवा: हलकं घासल्याचा आवाज चालेल, चाक अडता कामा नये. दोनशे किलोमीटरनंतर कॅलिपरचे, डिस्कचे आणि पट्टीचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. एम ८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम १० ला ३५ ते ४०. बँजोभोवती कोरडं फडकं फिरवा. ते ओलं झालं तर वायसर बदला, बोल्ट आणखी आवळू नका.